कपड्याची आतली बाजू दाखवणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला घेतले की तुम्ही इस्त्री तापली का ते बघायला उठता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड, चारचौघांनी वाचावं असं. जुन्या काळचे कपडे जुन्याच पद्धतीने, हाताने शिवायला शिकवणारी माणसं मोजकी आहेत. त्यांतल्या एकीच्या हाताखाली शिकायला मिळालं म्हणजे नेमकं काय मिळालं, ते कुठेतरी नीट लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

कार्यशाळेला येणाऱ्या बहुतेकींच्या डोळ्यांसमोर घेरदार झगे असतात, झालरी असतात, कमरेला घट्ट बसणाऱ्या चोळ्या असतात. माझ्याही डोळ्यांसमोर तेच होतं. तुम्ही मात्र टेबलावर ठेवलात एक पांढरा सदरा. १८व्या शतकात इंग्लंडमधले पुरुष घालत तसा, लिननचा, तुम्ही स्वतः शिवलेला, आणि तोही उलटा करून. "आधी आतली बाजू. डोळे मिटा आणि शिवणीवरून बोट फिरवा," एवढंच म्हणालात. बोट फिरवलं तर कुठे खरखर नाही, सुटा धागा नाही, कापडाची उघडी कड नाही. शिवणीची एक कड कातरून लहान केलेली, दुसरी तिच्यावर दुमडलेली आणि बारीक तुरपाईने बसवलेली. हा सदरा अंगाला लागून राहायचा, घाम टिपायचा, पुन्हापुन्हा धुतला-बडवला जायचा. वरचा भारी कोट वर्षानुवर्षं धुवायचाच नाही, धुवायचा तो हा. त्यामुळे सगळी मेहनत आतून. कारण तुम्ही मागाहून सांगितलंत, पण तोवर ते बोटाला कळून चुकलं होतं.

मग तुम्ही तारखानच्या पोशाखाबद्दल बोललात. इजिप्तमध्ये तारखान इथल्या कबरींचं उत्खनन पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी १९१२-१३ मध्ये केलं. तिथून आलेल्या लिननच्या मळक्या गाठोड्यातून १९७७ मध्ये, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ते स्वच्छ करताना, बाह्यांवर बारीक चुण्या घातलेला एक पोशाख निघाला. कार्बन कालमापनाने त्याचा काळ ठरला इ. स. पू. ३४८२ ते ३१०२ यांच्या दरम्यानचा. विणलेला आणि शिवलेला इतका जुना पोशाख दुसरा सापडलेला नाही. कोपरांवर आणि काखेत वळ्या आहेत, म्हणजे तो कुणीतरी खरोखर वापरला होता. आणि तो सापडला तो उलटा, डोक्यावरून ओढून काढला की कपडा होतो तसा. हे सांगताना तुमचा आवाज जरा वेगळा झाला होता, ताई. पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची हालचाल एका कपड्यात शिल्लक राहिली आहे, आणि ती दिसते आतल्या बाजूमुळे, हे मला तेव्हापासून विसरता आलेलं नाही.

आता चौबगल्याबद्दल, म्हणजे काखेत बसवायच्या चौकोनी तुकड्याबद्दल लिहिते, कारण त्यासाठी तुम्ही एक अख्खी दुपार दिलीत आणि एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीत.

त्या सदऱ्यात वळणदार कापलेला एकही तुकडा नाही. अंगाचा एक लांब आयत, खांद्यावर दुमडलेला. बाह्यांचे दोन आयत. गळपट्टी आणि मनगटपट्ट्या आयतच. उरलेले चौकोन आणि त्रिकोण. कात्री लावण्याआधी कापडातला एक धागा ओढून काढायचा आणि त्या रिकाम्या रेषेवरून कापायचं, म्हणजे उभा-आडवा धागा तंतोतंत राहतो आणि वाया जवळपास काही जात नाही. पण सरळ अंगाला सरळ बाही जोडली की हात वर करताना सगळा सदरा वर येतो आणि काख फाटते. तिथे बसतो चौबगला, हाताच्या तळव्याएवढा चौकोन. त्याचं एक टोक बाहीत, समोरचं टोक अंगात. कापड उभ्या धाग्यात ओढा, आडव्या धाग्यात ओढा, हलत नाही. तिरकं धरून ओढलं की मात्र सैल सोडतं. चौकोन टोकावर उभा राहिला की नेमका तो उरेब, म्हणजे तिरक्या धाग्याचा भाग ताणाच्या जागी येतो. हे तुम्ही फळ्यावर काढून दाखवलं नाहीत. एक बाही चौबगल्याशिवाय टाचलीत, एक चौबगल्यासकट, आणि मला तो सदरा घालून वरच्या फडताळातली पेटी काढायला लावलीत. एका बाजूने कापड काचलं, दुसऱ्या बाजूने हात सहज वर गेला. ज्याने किंवा जिने हे पहिल्यांदा शोधलं त्या माणसाला भूमितीचं नाव तरी माहीत होतं का, असं तुम्ही स्वतःशीच पुटपुटलात. मला तो प्रश्न अजून आवडतो.

चौबगल्याचं चौथं टोक बसवणं किती नाजूक असतं ते शिवणाऱ्यांनाच ठाऊक. तीन शिवणी एका बिंदूत येतात. तिथे एक टाका अलीकडे पडला तर भोक राहतं, पलीकडे पडला तर चुणी पडते. तुम्ही सुई तिथवर आणून थांबवायला शिकवलंत. दोन्ही शिवणी टोकाच्या एक धागा आधी संपवायच्या, कापड वळवायचं, मग तो शेवटचा टाका तिघांना मिळून घालायचा. तुमच्या अंगठ्याचं नख त्या बिंदूवर टेकलेलं, आणि सुई त्याच्या कडेकडेने जाणारी. इतक्या जवळून कुणाचं काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पुढे तुम्ही तुकडा जोडून मोकळीक आणायची ही युक्ती जाम्यात (मुघल काळातल्या घेरदार अंगरख्यात) आणि अंगरख्यात दाखवलीत, आणि ग्रीनलंडमधल्या हेरयोल्फ्सनेस इथे १९२१ मध्ये गोठलेल्या जमिनीतून निघालेल्या मध्ययुगीन झग्यांच्या आकृत्यांमध्येही. त्या झग्यांना बाजूने कळ्या, म्हणजे खाली रुंद होत जाणारे तिरके तुकडे, जोडून घेर आणलेला, जाम्यालाही कळ्याच. एकमेकांचं तोंडही न पाहिलेले लोक, पण कापड अरुंद आणि महाग असलं की डोकं त्याच दिशेने चालतं. 'आईन-इ-अकबरी'त तकौचिया या अंगरख्याला ७ गज ७ गिरह (गिरह म्हणजे गजाचा सोळावा भाग) कापड लागतं असं लिहिलं आहे आणि गोटाचे ५ गिरह वेगळे मांडले आहेत. बादशहाच्या कोठारातही गोटाच्या पट्टीचा हिशोब सुटत नव्हता! आपण कपड्याचे तुकडे कचऱ्यात टाकतो त्या सवयीवर तुम्ही कधी व्याख्यान दिलं नाहीत. हे आकडे तेवढे वाचून दाखवलेत आणि आमची कात्री आपोआप सावकाश चालायला लागली.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र मुळात लिहायला घेतलं ती.

मी डावखुरी. आधी एका शिवणवर्गात मला सरळ सांगण्यात आलं होतं की सुई उजव्या हातात धरायची नसेल तर उगाच वेळ घालवू नका. त्यानंतर शिवणाचा नाद बरीच वर्षं सोडून दिला होता. तुमच्याकडे आले तेव्हा डावखुरेपणाबद्दल मी मुद्दाम काही बोलले नाही. तुम्ही मला सुई ओवताना पाहिलंत, शेजारी ठेवलेली तुमची खुर्ची उचललीत आणि टेबलाच्या पलीकडे, माझ्या बरोबर समोर जाऊन बसलात. उजव्या हाताने शिवणाऱ्याच्या समोर डावखुरं माणूस बसलं की आरशात बघावं तसं सगळं जुळून येतं. धावदोरा, हातटीप, तुरपाई सगळं मी तसंच उचललं. इतकी साधी गोष्ट! खुर्ची हलवायची. ती त्या आधीच्या वर्गात कुणाला सुचली नव्हती.

काज घालताना मात्र तेवढं पुरेना. काजाच्या टाक्याला धाग्याची गाठ कडेवरच बसावी लागते, आणि फास कुठल्या बाजूने घ्यायचा हे समोरून बघून हाताला उमगत नव्हतं. तुम्ही "बघू" म्हणालात आणि विषय तिथेच सोडलात. पुढच्या वेळी आलात तेव्हा पिशवीतून एक कापड काढलंत. त्यावर काजांची रांग होती, सगळे तुमच्या डाव्या हाताने घातलेले. पहिले वेडेवाकडे, पुढचे बरे, शेवटचे दोन अगदी देखणे. प्रत्येकाच्या कडेला पेन्सिलीने बाण काढलेले, सुई इथून आत, फास असा, धागा या बाजूला ओढा. "कुठे अडतं ते हाताला कळल्याशिवाय मला सांगता येईना," एवढंच स्पष्टीकरण.

ताई, तुमचा उजवा हात कित्येक वर्षांचा तयार. तो बाजूला ठेवून, एका विद्यार्थिनीसाठी, नवख्या माणसासारखं डाव्या हाताने पुन्हा पहिल्यापासून शिकायचं, आणि ते सुरुवातीचे वेडेवाकडे काज न लपवता तिच्यासमोर ठेवायचे, याला काय म्हणावं मला कळत नाही. शिकवणं म्हणजे काय, हे मला त्या कापडाने जितकं सांगितलं तितकं दुसऱ्या कशानेच नाही.

टाक्यांबद्दल तुम्ही जे शिकवलंत त्यातलं एक मी सगळ्यांना सांगत सुटते. जुनं काम म्हटलं की सगळीकडे अतिबारीक, अतिपक्के टाके असणार असं आपण धरून चालतो. सदऱ्याच्या गळपट्टीवर तसे असतातही, इंचाला वीसच्या आसपास, धागे मोजून घातलेले. पण त्याच काळातल्या रेशमी घेराच्या झग्यात घागऱ्याच्या लांब शिवणी साध्या धावदोऱ्याच्या, ढोबळ टाक्यांच्या. शिंपिणीचा आळस नव्हे तो. रेशीम शिवणावळीपेक्षा कितीतरी महाग, फॅशन बदलली की झगा उसवून त्याच कापडाचा नवा करायचा, तेव्हा शिवण सहज सुटायला हवी. कुठे पक्कं करायचं आणि कुठे मुद्दाम सैल ठेवायचं हे ठरवणं हेच खरं कसब. काखेत हातटीप, कारण एक टाका तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात. घेरात धावदोरा. मला विचाराल तर हाताने शिवण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, की प्रत्येक शिवणीला तिच्या कामाप्रमाणे टाका देता येतो.

बाकी हातखंडे किती सांगू. धागा बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, त्याहून लांब घेतला की कापडातून जाऊन जाऊन पिंजतो. आधी मेणावरून ओढायचा आणि मग इस्त्रीखालून, म्हणजे मेण आत मुरतं. बंदांसाठीची भोकं कात्रीने पाडायची नाहीत, टोच्याने धागे बाजूला सारून पाडायची, म्हणजे कापड तुटत नाही. आणि चुण्या! बाहीचा सगळा रुंद आयत मनगटपट्टीत मावायचा, त्यासाठी दोन ओळी धावदोऱ्याच्या घालून ओढायच्या, मग सुईच्या टोकाने एकेक चुणी वरून खाली रेघ मारल्यासारखी बसवत जायची, आणि पट्टीला जोडताना प्रत्येक चुणीला तिचा स्वतःचा टाका द्यायचा. खोलीत तेव्हा कुणी बोलत नसे. सुई लिननवरून जाताना होणारा तो बारीक आवाज मला फार आवडायचा.

पण तुम्ही आम्हाला या जुन्या कामाच्या प्रेमात आंधळंही होऊ दिलं नाहीत, आणि त्याबद्दल आभार मानायचे राहून जाऊ नयेत. इंग्लंडमधल्या १७९६ च्या सप्टेंबरातलं कादंबरीकार जेन ऑस्टिनचं पत्र तुम्ही आम्हाला दाखवलंत. घरातल्या बायका मिळून भावाचे सदरे शिवताहेत आणि त्यात सगळ्यांत नीटस काम माझं, असं ती बहिणीला अभिमानाने कळवते. आम्ही खूश झालो. लगेच तुम्ही दुसरी बाजू मांडलीत, की हेच सदरे पोटासाठी, नगावर, अपुऱ्या उजेडात शिवून डोळे घालवणाऱ्या बायकाही होत्या आणि त्यांची पत्रं उरलेली नाहीत. पॅरिसमध्ये शिंपिणींना बायकांचे कपडे शिवण्यासाठी स्वतःचा संघ मिळायला १६७५ साल उजाडावं लागलं, तोवर तो हक्क पुरुष शिंप्यांच्या संघाकडे होता. "टाका सुंदर आहे म्हणताना तो घालणारीला काय मिळालं तेही विचारा," हे तुमचं वाक्य माझ्या शिवणाच्या वहीत पहिल्या पानावर आहे.

म्हणूनच असेल, मशीनला तुम्ही कधी नावं ठेवली नाहीत. तिमोनिएने १८३० मध्ये फ्रान्समध्ये शिवणयंत्राचं पेटंट घेतलं, एलायस हाव याने १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये अमेरिकेत, आणि त्यानंतर काही दशकांत घरोघरच्या बायकांचे किती तास मोकळे झाले असतील याचा विचार करा, असं तुम्हीच म्हणायचात. फक्त त्याआधीचा कपडा समजून घ्यायचा असेल तर तो ज्या वेगाने शिवला गेला त्या वेगाने शिवून बघा, इतकाच तुमचा आग्रह. मला तो पूर्ण पटतो. काचेपलीकडून बघून चौबगला कळत नाही.

आणखी एक. तुम्ही कुठलीही गोष्ट स्वतःची म्हणून सांगितली नाहीत. हा आराखडा वेशभूषेच्या इतिहासकार जॅनेट आर्नल्ड यांच्या कामावरून, ही दुमड अमुक संग्रहालयातल्या सदऱ्यात पाहिलेली, हा टाका माझ्या गुरूंचा, असं प्रत्येक वेळी. आर्नल्ड यांनी संग्रहालयांतले कपडे इंच इंच मोजून काढलेले आराखडे १९६४ पासून प्रसिद्ध केले आणि जगभरच्या शिवणाऱ्यांना ते मोकळे झाले. १९९८ मध्ये त्या गेल्या तेव्हा १५४० ते १६६० या काळातल्या लिननच्या कपड्यांचा खंड अपुरा होता, तो जेनी तिरामानी आणि सँटिना लेव्ही यांनी पुरा करून २००८ मध्ये छापला. हे सांगून तुम्ही तुमची स्वतःची आराखड्यांची वही टेबलावर ठेवायचात आणि म्हणायचात, हवं ते उतरवून घ्या. आम्ही घेतलं. ज्ञान मुठीत आवळून बसणारी माणसं मी या क्षेत्रात पाहिली आहेत, त्यामुळे ती उघडी वही मला किती मोठी वाटली ते तुम्हाला कळणार नाही.

माझा सदरा पुरा झाला आहे. गळपट्टी, मनगटपट्ट्या, दोरा गुंडाळून केलेली बटणं, खाली कडेला लाल दोऱ्याने फुल्यांच्या टाक्यात माझी आद्याक्षरं, धुलाईत कपडे ओळखू यावेत म्हणून तेव्हा घालत तशी. घरच्यांना दाखवताना मी तो उलटा करूनच दाखवते. आता एक जामा कापायला घेतला आहे, मलमलीचा, आणि कळ्यांच्या तिरक्या कडा एकमेकींना कशा लावायच्या यावर अडले आहे. तिरकी कड सरळ कडेला की तिरकी तिरकीला? दोन्ही करून पाहणार आहे, पण तुमच्याकडे येऊन विचारणारही आहे, तेव्हा तयारीत राहा.

आणि एक विनंती. तुमचं ते डाव्या काजांचं कापड तुम्ही मला देऊन टाकलंत. बाणांसकट मी त्याची आणखी एक प्रत शिवली आहे, ती तुमच्या वहीत ठेवायला घेऊन येते. पुढच्या कार्यशाळेत कुणी डावखुरं आलं तर मला आधी कळवा. त्या माणसाच्या शेजारी बसून डाव्या हाताने शिकवायला मी येईन, म्हणजे तुमच्या उजव्या हाताला तेवढा आराम.

तुमची,
टेबलापलीकडची विद्यार्थिनी